नऊ की तेवीस?

२७ ऑगस्ट १९६८. मुंबई पोलिसांचे फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी रस्त्यानं चाललेल्या एका माणसाला हटकलं, दोन पंच बोलावले आणि त्याची झडती घेतली. निघालं ते असं: एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्त्यांचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले कागदाचे दोन कपटे. अंगात बुशशर्ट आणि खाकी अर्धी चड्डी, दोन्हींवर रक्ताचे डाग. बूट चिखलानं बरबटलेले. नाव विचारलं तर म्हणाला, सिंधी दलवाई. दप्तरातल्या ठशांशी बोटांचे ठसे ताडून पाहिले तेव्हा कळलं की ज्याच्या धास्तीनं उपनगरं रात्र रात्र जागत होती तो रामन राघव हाच.

ही यादी माझ्या ओळखीतल्या दोन माणसांना तोंडपाठ आहे, आणि दोघं तिचा अर्थ अगदी उलटा लावतात. एक आमचे नाना. १९६७ साली शिपाई म्हणून मुंबई पोलिसांत लागले, सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई, मनोविकारतज्ज्ञ. बरीच वर्षं सरकारी मनोरुग्णालयात काढून आता स्वतःचा दवाखाना चालवतात. नानांच्या पत्नीला शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं, तेव्हा याच बाईंनी त्यांना पाहिलं होतं. तेव्हापासून नाना बाईंचा शब्द खाली पडू देत नाहीत. हा एक विषय सोडून. एका दुपारी दोघं माझ्याकडे एकत्र आले, चहा झाला आणि विषय निघाला. मी मध्ये फारसं तोंड घातलं नाही.

नाना: डॉक्टर, बाकी काहीही म्हणा, पण हा माणूस फुकटात सापडला नाही एवढं आधी कबूल करा. क्यामेरे नाहीत, मोबाइल नाहीत. रमाकांत कुलकर्णी साहेब तेव्हा गुन्हे शाखेचे उपायुक्त. खून परत सुरू झाले तसं साहेबांनी जुनी दप्तरं बाहेर काढली. १९६५-६६ला पूर्व उपनगरांत, जीआयपीच्या रुळांच्या कडेनं १९ जणांवर हल्ले झाले होते. त्यातले ९ मेले.

डॉक्टर: जीआयपी म्हणजे मध्य रेल्वे ना?

नाना: तीच. १९५१ला नाव बदललं, पण आमचे जुने हवालदार शेवटपर्यंत जीआयपीच म्हणायचे. तर त्या वेळी संशयावरून जे उचलले होते त्यांत हा होता. ठसे दप्तरी होते. फोटो आणि ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्यांनी केलेलं वर्णन, एवढ्यावर फियालो साहेबांनी गर्दीतला चेहरा ओळखला. कागद जपून ठेवले म्हणून तो सापडला. आमच्या खात्याला लोक नावं ठेवतात, पण ही गोष्ट खात्याची आहे.

डॉक्टर: म्हणजे दोन वर्षं आधी तो तुमच्या ताब्यात होता.

नाना: होता.

डॉक्टर: आणि सोडलात.

नाना: सोडला म्हणजे, सोडावाच लागला. त्याला खून करताना पाहिलं असं सांगणारा एक माणूस पुढे आला नाही. दप्तरात काय होतं, तर दरोड्याच्या गुन्ह्यात ५ वर्षं आत जाऊन आलेला. बाकी घर नाही, दार नाही, रुळांकडेला भटकतोय. हा काय गुन्हा झाला? असं धरायचं ठरवलं असतं तर मुंबईतल्या कोठड्या पुरल्या नसत्या. आणि पुरावा नसताना गरिबाला डांबला म्हणून पहिली बोंब तुम्हीच मारली असती.

डॉक्टर: मारली असती. पण नाना, तुमच्यापुढे प्रश्न एकच होता, यानं केलं की नाही? त्याचं उत्तर मिळेना, म्हणून दार उघडलं. हा माणूस कोण आहे, काय बोलतोय, कुणाशी बोलतोय, हे कुणी विचारलं? १९१२चा वेड्यांचा कायदा तेव्हा लागू होता. भटकणारा, धोकादायक वाटणारा वेडा माणूस दिसला तर त्याला ताब्यात घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचा अधिकार त्या कायद्यानं पोलिसांनाच दिला होता. त्याला खुनाचा पुरावा लागत नव्हता.

नाना: तो कायदा आम्हाला शिकवला होता की. पण तो कुणावर चालायचा? रस्त्यात नागडा फिरतोय, बसला दगड मारतोय, कचरा खातोय, अशावर. हा तर विचारलं की उत्तर देणारा. जवळ कंगवा बाळगणारा.

डॉक्टर: दोन कंगवे.

नाना: बरं, दोन. साबण होता, चहा होता, लसूण होती. वेड्याच्या झोळीत लसूण असते? टापटिपीचा माणूस होता तो.

डॉक्टर: तुम्ही ती यादी वाचता आणि म्हणता, बघा, संसार होता जवळ. मी त्या दोन कपट्यांपाशी अडकते. त्यावरचे आकडे कसले होते?

नाना: असेल उधारी.

इथे बाई हसल्या. मला मात्र नानांचं उत्तर वाटतं तितकं हसण्यासारखं वाटत नाही. पोलिसाच्या दृष्टीनं कागदावरचे आकडे म्हणजे उधारी नाहीतर मटका. त्यापलीकडे तिसरं काही असू शकतं हे त्याला कोण सांगणार होतं?

डॉक्टर: मला त्या १९६८च्या वर्षाचं सांगा. तुम्ही तर बंदोबस्ताला होता ना?

नाना: मालाडच्या बाजूला गस्तीवर. दिवस उकाड्याचे आणि माणसं दारं लावून आत. एरवी गच्चीवर, ओटीवर, गॅलरीत झोपणारी. झोपडीवाल्यांना तर दारच नसायचं, गोणपाट टांगलेलं. मग आळीआळीतून पोरं काठ्या घेऊन पहारा करायला लागली. आम्हाला त्या पोरांचीच जास्त भीती वाटायची. कुणी अनोळखी दिसला, दाढीवाला दिसला, भिकारी दिसला की धर आणि मार. आम्ही जाऊन सोडवायचो. सोडवलेला माणूस आमच्याच पाया पडायचा आणि आम्हालाच घाबरायचा. कुणी म्हणे तो मांजर होऊन येतो, कुणी म्हणे पोपट. एरवी ही माणसं गणपतीची वर्गणी द्यायला दहा प्रश्न विचारणारी, पण हे त्यांना पटलं होतं.

डॉक्टर: ज्यांना मारलं त्यांतले किती जण खरोखर आजारी असतील. रस्त्यावर एकट्याशीच बडबडत जाणारा माणूस हा सगळ्यांत सोपा संशयित. मी इतकी वर्षं हे पेशंट पाहतेय नाना, त्यांतले बहुतेक कुणाला बोट लावत नाहीत. उलट लोकच त्यांना मारतात, लुबाडतात, गाडीत घालून परमुलखात सोडून येतात. आणि तरी नवीन पेशंटची आई केबिनबाहेर मला गाठून हळूच विचारते, हा पुढे तसला काही होणार नाही ना? हे तुमच्या रामन राघवनं केलेलं नुकसान आहे. ते कुठल्या आरोपपत्रात नाही.

नाना: आमच्या का? सिनेमावाल्यांच्या म्हणा.

डॉक्टर: त्यांच्याही. श्रीराम राघवननं १९९१ला रघुवीर यादवला घेऊन केलेला सिनेमा निदान त्या माणसाबद्दल होता. २०१६च्या अनुराग कश्यपच्या सिनेमात तर गोष्ट आजची आणि माणूस भलताच. नाव तेवढं हे. नाव खपतं म्हणून.

नाना: मुर्गीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच.

ती मुंबई पोलिसांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. अटकेनंतर रामन राघव काही केल्या तोंड उघडेना. कुणीतरी विचारलं, तुला हवंय तरी काय? म्हणाला, कोंबडी. कोंबडी आली, खाल्ली. आणखी काय? केसांना लावायला तेल, कंगवा, आरसा. खोबरेल आलं. त्यानं ते अंगाला चोळलं, वास घेतला, आवडला म्हणाला. भांग पाडला, आरशात पाहिलं. मग स्वतः होऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? खुनांबद्दल हवंय म्हटल्यावर बोलायला लागला, पोलिसांना उपनगरांत घेऊन गेला आणि झुडपांत लपवलेली हत्यारं काढून दिली. त्यांत तो लोखंडी आकडा होता. झोपलेल्या माणसाच्या डोक्यात घालायचा तो.

नाना: आता मला सांगा, हत्यार लपवतो. खोटं नाव सांगतो. अंधारात, झोपलेल्यालाच मारतो, जागा माणूस बघत नाही. सौदा करतो, आधी कोंबडी मग कबुली. हा वेडा? हा आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकापेक्षा शहाणा.

डॉक्टर: भ्रम झाला म्हणून माणूस बावळट होत नाही नाना. तुम्हाला पक्कं वाटत असेल की सरकार तुमच्या मागावर आहे, तर तुम्ही लपणार, नाव बदलणार, हत्यार जवळ ठेवणार. हे सगळं शहाणपणाचंच वागणं आहे. फक्त ज्या गोष्टीवर ते उभं आहे ती गोष्ट जगात नाही. त्याला काय वाटत होतं माहितीये? देशात तीन सरकारं आहेत. एक अकबराचं, एक ब्रिटिशांचं, एक काँग्रेसचं. तिन्ही त्याच्या मागावर. मुंबईत त्याला सरकारनंच आणलं, चोऱ्या करायला. जगं दोन, एक हे आपलं आणि एक ‘कानून’चं, आणि तो स्वतः कानूनचा माणूस. लोक आपल्याला बाई करायला टपलेत, पण आपण १०१ टक्के पुरुष आहोत, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

नाना: हे सांगितलं कधी? फाशी झाल्यावर.

डॉक्टर: विचारलं कधी? फाशी झाल्यावर.

क्षणभर दोघंही गप्प. मग नाना सावरून बसले. कोर्टाचा भाग त्यांच्या हातखंड्याचा.

नाना: थांबा, असं नाही. २ जून १९६९ला सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. पहिल्याच दिवशी बचावाचे वकील उठले, म्हणाले आरोपीचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला बचाव करता येणार नाही, खुनाच्या वेळीही नव्हतं. कोर्टानं ऐकलं नाही असं झालं नाही. त्याला पोलीस सर्जनकडे पाठवला. २८ जून ते २३ जुलै. जवळजवळ महिनाभर त्यांनी त्याला पाहिलं आणि लिहून दिलं, स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी साधारण, आपण काय करतो ते याला कळतं, खटला कसला चाललाय तेही कळतं. वेडा नाही. मग तुमच्या बाजूनं नायर हॉस्पिटलचे डॉक्टर आले. ते आर्थर रोडला त्याला भेटले ५ ऑगस्टला. ते म्हणाले, जुना स्किझोफ्रेनिया आहे. एकानं महिना पाहिला, दुसऱ्यानं एक भेट. जज्जसाहेबांनी कुणाचं ऐकायचं? तुम्ही असतात तर?

डॉक्टर: मी न्यायाधीश असते तर महिनावाल्याचं ऐकलं असतं. हे मान्य. तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

नाना: (माझ्याकडे वळून) लिहून घ्या.

डॉक्टर: घ्या लिहून. पण पुढचंही लिहा. त्यानं गुन्हा कबूल केला, फाशी झाली, आणि अपील करायला तो नाही म्हणाला. फाशीची वाटच पाहत बसला. पण सत्र न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय देता येत नाही, आरोपीनं अपील करो न करो. म्हणून कागद वर गेले. उच्च न्यायालय म्हणालं, तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमा. ते तिघं त्याला पाच वेळा भेटले, दर वेळी दोन दोन तास. ते अकबराचं सरकार, तो कानून, सगळं या दहा तासांत बाहेर आलं. शेवटच्या भेटीनंतर निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला तर त्यानं हात दिला नाही. म्हणाला, मी कानूनचा प्रतिनिधी, या पापी जगातल्या माणसांना शिवणार नाही. सर्जननी महिनाभर त्याच्याकडे पाहिलं असेल. या तिघांनी त्याला बोलू दिलं.

नाना: ते ठीक. पण दंडसंहितेचं कलम ८४ काय म्हणतं? तुम्हाला आजार आहे की नाही हे विचारत नाही ते. कृत्य करताना त्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा हे चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, एवढंच विचारतं. आता नव्या संहितेत कलम २२ झालंय, मजकूर तोच. रामन राघवला कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं म्हणता? मग आकडा झुडपात का खुपसला?

डॉक्टर: कुठल्या कायद्याविरुद्ध? तो स्वतःला कायद्याचाच माणूस समजत होता. बाकी तुमच्या या कलमाचं मूळ कुठलं ते ठाऊक असेल. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील यांच्या खासगी सचिवाला गोळी घातली. त्याला पक्कं वाटत होतं की टोरी पक्ष आपल्या मागे लागलाय, आपल्याला सुखानं जगू देत नाही. तिकडे टोरी, इकडे काँग्रेस. ज्यूरीनं त्याला वेडा ठरवून सोडला, तो मनोरुग्णालयात गेला. मग इंग्लंडात असा गदारोळ उठला की न्यायाधीशांना बोलावून नियम लिहून घेतले. ते इतके घट्ट की त्या नियमांनी खुद्द मॅकनॉटन सुटला असता की नाही शंका आहे. १८६०च्या दंडसंहितेत आपल्याकडे तेच वळण आलं. ज्या माणसामुळे नियम झाला तोच नियमात बसत नाही. मग रामन राघव कसा बसणार?

नाना: मग नियम मोडायचा?

डॉक्टर: नाही. कलम ८४ खाली त्याला निर्दोष ठरवावं असं मी कधीच म्हणत नाही. ही माझ्या बिरादरीतल्या लोकांना आवडत नाही अशी गोष्ट. मी एवढंच म्हणते की फाशी चुकीची होती. आणि शेवटी झालंही तसंच. आजार बरा होण्यातला नाही म्हणून उच्च न्यायालयानं जन्मठेप केली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं की शिक्षा झाल्यावर जडलेला गंभीर मनोविकारसुद्धा फाशी रद्द करायला कारण ठरू शकतो. पन्नास वर्षं लागली.

नाना: आणि मेलेल्यांच्या घरच्यांना काय सांगायचं? की बाबांनो, तो येरवड्यात आहे, औषधपाणी चालू आहे, वेळेवर जेवतोय?

डॉक्टर: घरचे होते कुठे?

मला वाटतं दुपारचं खरं भांडण इथे सुरू झालं. कलमं आणि तारखा ही नुसती झटापट होती.

नाना: म्हणजे?

डॉक्टर: तुम्ही मघाशी म्हणालात १९ हल्ले, ९ मृत्यू. ही पोलिसांची नोंद. त्यानं कबुलीत काय सांगितलं? १९६६ मध्ये रुळांच्या कडेला २३ मारले. १९६८चे वेगळे. सगळे मिळून ४१ म्हणतात. आणि खटला चालला कशावर? मालाडजवळ चिंचवलीत झोपेत मारलेल्या दोघांच्या खुनावर. आता बोला, ९ खरे की २३?

नाना: २३.

डॉक्टर: इतक्या खात्रीनं?

नाना: तो खोटं कशाला सांगेल? कोंबडी खाऊन झाली होती.

डॉक्टर: नाना, ज्याला अकबराचं सरकार दिसतं त्याच्या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवता?

नाना: जागा दाखवल्या त्यानं. हत्यारं दाखवली, जिथं सांगितली तिथं निघाली. मोजण्यात तो चुकणारा माणूस नव्हता. तुम्हीच म्हणता ना, भ्रम झाला म्हणून बावळट होत नाही.

डॉक्टर: मोठेपणाचा भ्रम असलेला माणूस आकडा फुगवतो. हे माझ्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे.

नाना: मग आता मी तुम्हाला विचारतो. तुमच्या पुस्तकाप्रमाणे त्यानं १४ मुडदे हवेतून काढले. माझ्या हिशेबाप्रमाणे ते १४ मुडदे होते, फक्त कुणी विचारायला आलं नाही. रुळांच्या कडेला माणूस पडलेला सापडला, डोकं फुटलेलं. स्टेशनवर काय लिहिलं जायचं? गाडीखाली आला. बेवारस. पंचनामा, शवागार, महापालिकेच्या खर्चानं क्रियाकर्म. मी केलेत असे पंचनामे. नाव अज्ञात, वय अंदाजे, अंगात अमुक रंगाचा सदरा. त्यातले किती आकड्यानं मेले आणि किती गाडीनं, कोण बघायला गेलं होतं?

पोलिसानं वेड्याच्या हिशेबावर भरवसा ठेवावा आणि डॉक्टरनं पोलिसांच्या वहीवर, ही अदलाबदल दोघांच्याही लक्षात आली नसावी. माझ्या आली, पण मी गप्प राहिलो. नाना ज्या आवाजात बोलत होते त्यात मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

डॉक्टर: हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.

नाना: कुणी विचारलं नाही. तुम्ही पुण्याच्या ना? जोशी-अभ्यंकर आठवत असेल.

डॉक्टर: मी शाळेत होते. सात वाजता रस्ते ओस. आजी दाराला आतून पाट लावायची. पुढे सगळ्या आळीत खिडक्यांना गज आले.

नाना: १९७६-७७. १० खून. चौघं कला महाविद्यालयातली, शिकलेली पोरं. नायलॉनच्या दोरीनं गळे आवळायची. कुणाच्या डोक्यात बिघाड नव्हता. तपास आमच्या हुल्याळकर साहेबांनी केला. नदीत टाकलेलं शेवटचं प्रेत वर आलं, त्यावरच्या दोरीच्या गाठी आधीच्या घरातल्यांसारख्या दिसल्या, तिथून धागा लागला. १९८३च्या नोव्हेंबरात येरवड्यात चौघांना फाशी. पुण्यात आजही कुणालाही विचारा, तो खटला कुठल्या नावानं ओळखतात? मेलेल्यांच्या. काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण हे माझ्यासारख्या पोलिसालाही कळलं.

डॉक्टर: व्याकरणाचे पंडित. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्रींनी, पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. त्याचा प्रस्तावनाखंड काशिनाथशास्त्रींनी लिहिला.

नाना: बघा. तुम्हाला पुस्तकाचा खंडसुद्धा ठाऊक. रामन राघवनं मारलेल्यांतल्या एकाचं नाव सांगा.

डॉक्टर: (थोडा वेळ थांबून) नाही येत.

नाना: मला दोन येतात. चिंचवलीचे. कारण ती आरोपपत्रात होती. उत्तरेकडून पोटासाठी आलेली माणसं. बाकी मलाही नाही.

डॉक्टर: आणि मारणाऱ्याची उर्फ धरून पाच नावं आपल्याला पाठ. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी.

नाना: तेच तर म्हणतोय. तुमचं-आमचं भांडण काय, तो शहाणा की वेडा. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रंही तेच विचारतात. पुढे काय झालं? येरवड्यात राहिला, १९९५ला ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. त्याचा ताप मोजायला माणूस होता. मला त्याच्या कोंबडीचा राग नाही हो. साहेबांनी दिली, काम झालं, छान झालं. त्याला मुंबईनं जेवढं विचारलं तेवढं त्या १४ जणांतल्या एकाला जिवंतपणी विचारलं असतं का, एवढंच माझ्या मनात येतं.

डॉक्टर: पण नाना, तुम्ही हे धरून बसलात तर माझाच मुद्दा मान्य करताय. त्यालाही जिवंतपणी, म्हणजे खुनी होण्याआधी, कुणी विचारलं नव्हतं. तोही त्याच फुटपाथवरचा. १९६६ला तो तुमच्या टेबलासमोर उभा होता तेव्हा तुमच्यासाठी तोही नाव अज्ञात, वय अंदाजे असाच होता.

नाना: मी नव्हतो. माझी भरती १९६७ची.

डॉक्टर: बरं, तुमच्या खात्यासमोर.

नाना: मारणारा आणि मरणारा एका पंक्तीत बसवू नका, डॉक्टर. ते मला चालणार नाही. तो उठून चालता होत होता. ते झोपेतच राहिले.

बाईंनी यावर उत्तर दिलं नाही. देता आलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण नंतर जाताना जिन्यात त्या मला म्हणाल्या की एका पंक्तीत बसवावंच लागतं, नाहीतर पुढचा रामन राघव आपल्याला खून केल्यावरच दिसतो. मला ते पटलं. नानांपुढे म्हणायला हवं होतं त्यांनी. पण नानांचा आवाज त्या वेळी चढलेला होता आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही बाईंच्याच सल्ल्यानं चालू आहेत. पुन्हा चहा टाकला. नानांनीच विषयाला दुसरीकडून हात घातला.

नाना: आता तो १९१२चा कायदा गेला ना?

डॉक्टर: कधीच. १९८७ला एक आला, तोही गेला. आता २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा.

नाना: मग समजा, आज रात्रीचे अडीच वाजलेत. गस्तीवरच्या पोराला रुळांकडेला एक माणूस भेटला. झोळीत लसूण, कंगवे, कागदाचे कपटे. म्हणतो देशात तीन सरकारं आहेत. खून नाही, तक्रार नाही, रक्त नाही. त्या पोरानं काय करायचं?

डॉक्टर: कलम १००. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं तर ताब्यात घ्यायचं. अटक नव्हे, संरक्षण. का घेतलं ते त्याला सांगायचं. कोठडीत अजिबात ठेवायचं नाही. लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. तिथे डॉक्टर तपासतील.

नाना: आणि डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी साधारण, दाखल करायची गरज नाही?

डॉक्टर: तर घरी सोडायचं. घर नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात.

नाना: म्हणजे परत रस्त्यावर.

डॉक्टर: तुमच्या १९६६पेक्षा बरं. निदान कुणीतरी त्याच्याशी बोललेलं असेल. तो काय म्हणाला ते स्टेशन डायरीत उतरलेलं असेल. पुन्हा सापडला तर पुढचा डॉक्टर ते वाचेल. तुमच्याकडे बोटांचे ठसे होते, बोलणं नव्हतं.

नाना: बोलणं लिहून घ्यायचं?

डॉक्टर: शब्दन् शब्द.

नाना: रात्री अडीचला, अकबराच्या सरकारबद्दल, शब्दन् शब्द. चौकीत रात्रपाळीला माणसं किती असतात, काही कल्पना?

डॉक्टर: किती?

नाना: दोन. त्यातला एक ड्रायव्हर.